अर्थ लागेना

स्टार्टर फिरतो, खुर्र खुर्र खुर्र,
जणू कुणी रिकाम्या विहिरीत दोर सोडतंय.
पुन्हा चावी. पुन्हा खुर्र.
रुस्तावीच्या पत्र्याच्या गॅरेजात
निळी सुबारू पेट म्हणून घेत नाही.

गेल्या रविवारपर्यंत बरी होती बिचारी.
बोटीनं जपानहून आलेली, उजव्या हाताचं स्टिअरिंग,
पावणेतीन लाख किलोमीटर पायाखाली घातलेली.
खोकायची, पण पहिल्या हाकेला ओ द्यायची.

मग नुक्रीला तिला तरुण करायची हुक्की आली.
उंच उचलणारे कॅम, मोठे इंजेक्टर,
अर्ध्या वजनाची आणि दुप्पट किमतीची बॅटरी,
आणि इनटेक मॅनिफोल्ड,
भट्टीत भाजून रंगवून आणलेलं,
डाळिंब फोडावं तसं लाल.

पैसे आईचे.
ती इटलीत एका परक्या म्हाताऱ्याला भरवते, कूस बदलून देते,
पाच तारखेला पैसे पाठवते.
हे दाढेसाठी होते.
दाढ झाली का? तिनं विचारलेलं.
झाली, म्हणाला, तोंड न उघडता.

आता तीन दिवस तो एकेक गोष्ट उलटी करतोय.
टायमिंगच्या खुणा जुळवल्या. जुळल्या.
प्लग काढून पाहिले. कोरडे ठाक.
ठिणगी नाही, पेट्रोलचा वास नाही,
पंपाची ती दोन सेकंदांची भुणभुणसुद्धा नाही.
फ्यूज सगळे शाबूत.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?
तिसऱ्या मजल्यावर चादर वाळत घालणाऱ्या लामारा
दर खुर्रला ओरडतात, "आता लागते बघ!"
त्यांना थांबा म्हणायची हिंमत कुणात नाही.

चौथ्या दिवशी ओमारी आला.
पोलाद कारखान्यात क्रेनच्या तारा ओढण्यात त्याची तीस वर्षं गेली.
बॉनेटकडे त्यानं बघितलंच नाही.
सीटवर बसला, चावी अर्धी फिरवली,
आणि डॅशबोर्डकडे पाहत राहिला.
"इंजिनाचा पिवळा दिवा कुठाय?"
"लागत नाही," नुक्री म्हणाला, जरा अभिमानानंच,
"म्हणजे काही बिघाड नाही."
"बाळा, चावी दिली की तो लागायलाच हवा.
न लागणं हाच बिघाड."

मग मीटर. एक टोक बॅटरीच्या ऋणावर,
दुसरं मॅनिफोल्डवर, तिथं अर्थच्या तारा बोल्टखाली आवळल्यात.
मीटर गप्प.
टोक बोटभर खाली, इंजिनाच्या उघड्या धातूवर:
बीप.
ओमारीनं चष्मा कपाळावर सरकवला.
"सगळं आहे हिच्याकडे. बॅटरी, मेंदू, हौस.
फक्त अर्थ लागत नाहीये.
मध्ये तुझा रंग आलाय."

चाकू मागितला. नुक्रीनं मान वळवली.
खर्र, खर्र,
लाल पापुद्रे फरशीवर पडले,
आणि नाण्याएवढी पांढरी जागा उघडी झाली,
नागडी, चकचकीत,
नवीन पार्टांत फुकट मिळालेली एकमेव.
बोल्ट आवळला.
पिवळा दिवा लागला.

इंजिन पेटलं ते लंगडत, गुरगुरत,
उंच कॅमच्या अडखळत्या तालावर,
पत्रे थरथरले.
"म्हटलं नव्हतं?" वरून लामारा.
ओमारीनं पैसे घेतले नाहीत,
फक्त चाकू पॅन्टला पुसून परत दिला.

संध्याकाळी आईचा फोन, व्हिडिओवर.
मागे म्हाताऱ्याचा पलंग, कुणाचीतरी खोकल्याची उबळ.
"दाखव ना गाडी."
त्यानं दाखवली, खरवडलेल्या जागेवर अंगठा ठेवून.
"अगंबाई, रंग किती गोड!" ती म्हणाली,
"आणि आता तू. हस बघू जरा.
मोठ्यानं."

इंजिन अजून चालू होतं.
तो हसला, ओठ मिटून.