आधी सिस्टर

बावीस वर्षं मी राउंडच्या शेपटाला.
पुढे मोठे डॉक्टर, मग छोटे, मग वह्या घेतलेली पोरं,
मग ट्रॉली,
आणि ट्रॉलीच्या मागे मी.
विचारलाच तर ताप सांगायचा. आकड्यात.

सोमवारी नलवडे मॅडम अकरा नंबरपाशी थांबल्या,
फाईल मिटली,
म्हणाल्या, आधी सिस्टर सांगतील.

भर महाद्वार रोडवर चप्पल तुटावी
तशी उभी राहिले.
वाक्य पाठ होतं, इस्त्रीचं:
रुग्णाची रात्र शांत गेली.
पण गेली नव्हती,
आणि तोंडातून घरचंच निघालं:
‘मी बघत होतो, मॅडम. पहाटे चारला.’
पुण्याकडचा इंटर्न हसला.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात, बाळा.
मी आलो. मी गेलो. मी जागा होतो.

‘भूपालअण्णा आज घरी, असं कागदावर.
इन्सुलिन बायको देईल, असंपण कागदावर.
पद्माक्कांना सिरिंजवरच्या रेघा दिसत न्हाईत.
काल शिकवताना मान हलवत होत्या.
मान काय, सगळेच हलवतात.
पहाटे रिकामी सिरिंज दिव्याखाली धरून
बोटानं रेघा चाचपत होत्या,
तांदळातले खडे चाचपावेत तशा.
आणि अण्णा हुपरीचे, पैंजणाचे कारागीर,
केसाएवढी तार दिसते त्यांना,
पण हात—’
हात अण्णांनीच उचलून दाखवला.
रंकाळ्यावर वारं सुटल्यासारखा.

छोटे डॉक्टर म्हणाले, बेड हवाय,
बाहेर तिघं जमिनीवर आहेत.
तेही खरं. रात्रभर त्यांच्यातूनच वाट काढत
मी सलाईन बदललेलं.

मॅडमनी मलाच विचारलं, मग काय करूया?

‘दुपारपर्यंत द्या.
रेघ अण्णांनी बघायची, दट्ट्या अक्कांनी ओढायचा.
एकट्याला येत न्हाई. दोघांना येतंय का बघू.’

ड्युटी आठलाच संपली होती.
अकराला दोघं खाटेवर, गुडघ्याला गुडघा,
सिरिंजमध्ये नुसतं पाणी.
‘थांब,’ अण्णा म्हणाले.
वीसच्या पुढं गेली.
पुन्हा. अठरा.
पुन्हा. ‘थांब.’
बरोबर वीस.
‘चाळीस वर्षांत पयल्यांदा ऐकलीस,’ अण्णा म्हणाले.
अक्का म्हणाल्या, पाणी हाय म्हणून.

मंगळवारी मॅडम रजेवर.
राउंड नेहमीचा, पुढे पुढे,
अकरावर नवा पोरगा, शिरोलीच्या फाउंड्रीतला,
भिंतीकडं तोंड करून, रात्रभर न बोललेला.
राउंड बारावर पोचत होता.

मी थांबलो.
ट्रॉली थांबली.
पोरं ट्रॉलीला अडखळली,
आणि मोठ्या डॉक्टरांनी मागं वळून बघितलं.