झाडामागे दोन

हिल्मारवरचं धुकं अजून तारांवरून उतरलेलं नाही.
एलिओदोरो लांब बांबूनं फांद्या झोडतोय
आणि ऑगस्टात पडायचे राहून गेलेले बदाम,
काळे, वाळके, हट्टी,
टपटप चिखलात येताहेत.
काहींच्या पोटात अळी, गाढ झोपलेली.

"झाडामागे दोन राहिले तर चालतील," इदालिना म्हणते.
तिसरा दिसला की पुन्हा काठी वर.
वीस झाडं, वहीत आकडा, पुढची ओळ.

मानुएल होता तेव्हा हे मोजणं नव्हतं.
मे लागला की टाकी भरायची,
रात्रभर पंख्याची घरघर,
सकाळी त्याचे सदरे काठीनं उचलून वेगळे धुवायचे.
ढालकिडे मरायचे, गांधीलमाश्या मरायच्या,
अळी तेवढी पुढच्या वर्षी हजर.

आता एप्रिलात ती फांद्यांना पुड्या टांगते.
पुडीत मादीचा वास. नुसता वास.
नर पतंग रात्रभर बागेत भिरभिरतात:
ती इथे आहे, इथेही आहे,
आणि कुठेच नाही.

पहिल्या वर्षी तिला हे फार क्रूर वाटलं होतं.
फवारा निदान पटकन मारायचा.

एलिओदोरो जेवायला बसलाय, तमालेवरची पानं सोलतोय.
ती ओळीच्या टोकाला, मान वर करून.
मानुएलचा कोट तिला खांद्यात मोठा होतो.
कॉलर नाकापर्यंत ओढून घेते,
धुकं आहे ना.

सतराव्या झाडावर तीन.
काठी कुठे ठेवली?