गुण्या

भरतीचं पाणी फळ्यांखाली चुळबुळत होतं
तेव्हा आम्ही पश्चिमेची खिडकी उतरवली.
चौकट हातात आली ती भिजल्या पावासारखी;
खालचं आडवं लाकूड तर चमच्यानं काढलं.

ओर्फेलिना बार्रिया, वय एकोणऐंशी,
चुलीपाशी बटाटे सोलत म्हणाल्या,
"जपून. त्या भिंतीला माझा सगळा संसार टेकलाय."
रोसामेलनं मान हलवली. त्याला असली वाक्यं कळतात.
मी शिकाऊ, दुसरं वर्ष,
खिशात नवाकोरा पोलादी गुण्या.

लावला चारही कोपऱ्यांना.
एकही काटकोन नाही.
डावीकडून चौकट आखूड,
ओळंबा सोडला तर तो भिंतीपासून फटकून उभा,
रुसल्या जावयासारखा.
म्हातारीच्या हातून निसटलेला बटाटा
खाडीच्या दिशेनं आपला आपण निघाला.

पुंता अरेनासहून मुलाचा फोन. निबाल्दो.
"अ‍ॅल्युमिनियमची बसवा. आधी भिंत सरळ करा, पैसे मी पाठवतो."
रोसामेल ऐकत राहिला, एका कानावर पेन्सिल, दुसऱ्यावर फोन.
मग म्हणाला, "भिंत सरळ केली तर छप्पर विचारेल, मी काय करू?
छपराला समजावलं तर खालचे खांब विचारतील.
आणि खांबांच्या खाली, पोरा, समुद्र आहे."

दुपारी ओहोटी लागली.
आम्ही बाहेरून आलेर्सेचे खवले सोडवले, एकेक,
वरून राखाडी, उलटे केले की अजून लालसर,
झाड पडलं त्या दिवसाचा रंग.
आता जिवंत आलेर्सेला करवत लावायची नाही,
म्हणून फुटका खवलाही मी फडक्यावर ठेवला,
दुधाचा दात ठेवावा तसा.
खवल्यांखाली वर्तमानपत्र, मेंढ्यांचे भाव.
त्याखाली उघडी फळी, आणि फळीवर पेन्सिलीनं:
चौदा सत्ते शहाण्णव.

मी मनात पाढा म्हटला. पुन्हा म्हटला.
रोसामेल हसला नाही. त्यानं म्हातारीला हाक मारली.

त्यांनी चष्मा पुसला, नाक फळीला लावलं.
"आर्तेमियो. हा सात त्याचाच, कमरेला पट्टा बांधलेला.
डावा खांब त्यानं कापला, उजवा माझ्या वडिलांनी."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "अठ्ठावन्न वर्षं मला वाटायचं,
मी त्या कुशीवर झोपते म्हणून घर कललंय."

आर्तेमियो होड्या बांधायचा.
होडीत काटकोन शोधून सापडत नाही.

रोसामेलनं माझा गुण्या काढून घेतला
आणि दुसरा दिला, मान वळणारा, पितळी खिळ्याचा.
चारही कोपऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला लावलं,
प्रत्येकाचं वेगळं, प्रत्येकाचं पेन्सिलीनं लिहून.
सिप्रेस रंधली. भुशाला मिरीचा वास.
चार कुसवं, चार साली, एकीसारखी दुसरी नाही,
खिळा नाही, फक्त लाकडाच्या खुंट्या.
तिसरं कुसू मी रेषेच्या चुकीच्या बाजूनं कापलं.
वाटलं, आता शिव्या.
त्यानं पातळ पाचर तासली, ठोकली, म्हणाला,
"झालं. तुझीही सही पडली."

गुण्यात काहीच नव्हतं त्या घरात,
आणि अठ्ठावन्न वर्षं दोघं तिथं गुण्यागोविंदानं.
हे मला परतीच्या वाटेवर सुचलं,
मोठ्यानं म्हटलं नाही; रोसामेल शिट्टी वाजवत होता.

त्याआधी, संध्याकाळी, तावदान बसलं.
वरच्या कोपऱ्यात अडलं, एक हात रंधा फिरवला,
मग मिटलं, श्वासाइतक्या आवाजानं.
गणिताची फळी आम्ही होती तशी झाकली,
वर्तमानपत्रासकट.

निबाल्दोला फोटो हवा होता: सरळ झाली का?
म्हातारी खिडकीसमोर उभी राहिली,
एक डोळा मिटून,
आणि फोन
डावीकडे
जरासा
तिरका धरला.