रात्रपाळी, मोरकॅम

विषय खरं तर पोपचा नव्हता,
आल्याच्या बिस्किटाचा होता.
फादर कथबर्टना ते आता चावत नाही,
चहात बुडवतात, अर्धं तुटून तळाशी जातं,
मग चमच्याने शोधत बसतात.

ते बघून फादर मॅलकी म्हणाले,
"हा माणूस आज रोमच्या गादीवर असता तर?"

झालं.
सात निवृत्त धर्मगुरू, तीन काठ्या, दोन वॉकर,
एक ऑक्सिजनचं नळकांडं
एकदम बोलू लागलं.
खिडकीबाहेर ओहोटी.
इथलं पाणी जातं ते डोळ्यांआड जातं,
मागे मैलभर ओली वाळू, आणि एखादी कुत्र्याला फिरवणारी बाई.

मॅलकी म्हणाले, "बाप निवृत्त होतो का कधी?
अंथरुणाला खिळला म्हणून काय
घरातल्यांनी त्याला काका म्हणायचं?"

कथबर्टना बिस्कीट सापडलं.
"बापच म्हणा," ते म्हणाले,
"पण गाडीची किल्ली लपवून ठेवा."

सगळे हसले. मॅलकी नाही.
औषधवाल्याच्या कुंपणात घुसल्यापासून
त्यांची किल्ली ऑफिसच्या खणात आहे.

मला कुणी विचारलं नाही.
मी कपबशा गोळा केल्या.
विचारलं असतं तर माझ्या बाबांचं सांगितलं असतं:
भुईगावात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.
पुढचे दोन दात पडले तरी वाजवली.
मग एका नवरीच्या दारात
सूर निघालाच नाही, नुसतं वारं.
कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं त्यांना.
दुसऱ्या दिवशी आजीच्या लाल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून
क्लॅरिनेट इनासच्या हाती दिली.
इनास चांगला वाजवतो.
वरात गल्लीतून गेली की बाबा ओट्यावर उभे,
बोटं सदऱ्याच्या गुंड्यांवर,
वर, खाली, वर.

बरं केलं की वाईट,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री तीन वाजून दहा. चार नंबरची घंटा.
कथबर्ट उभे, पायजम्यावर टॉवेल,
टॉवेल स्टोलसारखा गळ्यात.
टेबलावर पाण्याचा पेला, बशीत बिस्कीट.
समोर दोन खुर्च्या आणि रेडिएटर.

"लोक येतायत ना अजून?"
"येतायत फादर. बाहेर गाड्या लावायला जागा नाही."

त्यांनी मिस्सा सुरू केली.
आवाज असा, की मी दारातच गुडघे टेकले,
ह्या युनिफॉर्ममध्ये, हातात थर्मामीटर.
मध्येच अडकले. ओठ हलतायत, शब्द नाही.
मी माझ्या भाषेत पुढची ओळ म्हटली.
ती त्यांना ओळखीची वाटली असावी,
मान हलवून पुढे निघाले.

मग थांबले. टॉवेलकडे पाहिलं.
"रेमेत, मी राजीनामा दिला होता ना?"
"हो फादर. पंच्याहत्तरीला. तेरा वर्षं झाली."
"बिशपनी घेतला?"
"घेतला."
"मग हे कोण बोलतंय?"

ह्याचं उत्तर आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
मी त्यांना बसवलं, पाय वर घेतले,
टॉवेल नीट घडी करून उशाशी ठेवला,
दांडीवर नाही.

वहीत लिहिलं:
३.१० — जागे. पाणी दिलं. ३.५० — झोपले.
बशीतल्या बिस्किटाचं लिहिलं नाही.
ते काय करावं कळेना,
टाकवेना, म्हणून खाल्लं.

सकाळी भरती कधी आली कुणालाच कळलं नाही,
पाणी थेट भिंतीशी.
मॅलकी लापशीत मीठ घालत होते,
डॉक्टर नको म्हणालेत ते मीठ.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"भिंत पातळ आहे आमची.
पुढच्या वेळी मला उठव.
खुर्च्या काही प्रतिसाद देत नाहीत."