डावी

अशोक चौकामागं, गुर्रम मिस्त्रीच्या पत्र्याखाली
माझी छप्पन सालची जुळी बीएसए.
दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी तो तळवे धरतो.
"डावी उशिरा बोलतीय बे."

बाजारातला सायलेन्सर त्याला नको : नुसता बोंबलतो.
मोडीत निघालेल्या मागाचा पाइप कापला,
भोकं पाडली अंदाजानं,
काचलोकर नव्हती, चादरीच्या दशा कोंबल्या.

किक.
दशा जळाल्या, गल्लीभर सुताचा धूर.
मग घसा मोकळा झाला
आणि आवाज उतरत गेला खाली, खाली,
शेजारच्या यंत्रमागांत मिसळला.
मी पाकीट काढलं.

त्याचा बाप आला. चाळीस वर्षं साच्यावर,
कान केव्हाच गेलेले.
टाकीवर हात ठेवून उभा राहिला
जरा वेळ.
मग डावीकडं बोट.

मिस्त्रीनं गाडी बंद केली
आणि माझ्याकडं पाना मागितला.