कानामागचा ठिपका

त्सिउरी बाई दर पाचव्या आठवड्याला येतात,
मंगळवारी, दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
कुताइसीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान:
दोन खुर्च्या, एक बेसिन,
आरशाच्या कडेला खोचलेला मुलाचा फोटो.
पोलंडमध्ये ट्रक चालवतो तो.

शाळेत बाईंनी मला रसायनशास्त्रात नापास केलं होतं.
एकदा नाही, दोनदा.

कोट काढायच्या आधी पर्समधून भिंग निघतं.
"खोकं दे, मकवाला."
खोक्यावर एक बाई हसतेय, चेरीच्या रंगाचे केस,
तिच्यामागे समुद्र.
पाठीवर तुर्की, रशियन, अरबी,
आणि त्या सगळ्यावर तिरका डकवलेला
आमच्या लिपीतला कागद:
केसांचा रंग. मुलांपासून लांब ठेवा.
एवढंच.
बाकीचं त्याच्याखाली.

बाई किटलीच्या वाफेवर खोकं धरतात.
"पूर्वी पोस्टात लोकांची पाकिटं अशीच उघडायचे,"
त्या सांगतात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.
कागद अलगद सुटतो. खाली मुंग्यांची रांग.

"अमोनिया. हा बरा, नाकात शिरून सांगतो तरी, आलोय म्हणून.
पेरॉक्साइड. याला घड्याळ लागतं, आणि तू फोनवर बोलत बसतेस.
रिसॉर्सिनॉल. हं."
मग तिसरी ओळ. भिंग थांबतं.
"पॅराफेनिलीनडायअमाइन. म्हण."
मी म्हणते. जीभ दोनदा ठेचकाळते.
"पॅरा म्हणजे काय?"
हातात कंगवा घेऊन मी, बावन्न वर्षांची,
पुन्हा फळ्यासमोर.

वाफेने धुरकटलेल्या आरशावर
त्या बोटाने षट्कोन काढतात,
दोन टोकांना नायट्रोजन, समोरासमोर,
एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितके.
"जेवणाचं टेबल समज. इकडे मी, तिकडे वाख्तांग.
शेवटची नऊ वर्षं."
षट्कोनातून पाणी ओघळतं.

मी दुसरं खोकं काढते, महागातलं,
पुढे ठळक: अमोनिया नाही.
"नाही ते ठळक लिहितात," बाई म्हणतात,
आणि ते उलटं करून पुन्हा तिसरी ओळ शोधतात.
सापडते.

मग कानामागे ठिपका. अठ्ठेचाळीस तास.
तीस वर्षांत त्यांना एकदाही खाजलेलं नाही,
तरी दर वेळी ठिपका, दर वेळी गुरुवारी परत,
आणि मगच ब्रश डोक्याला लागतो.
"नाही खाजलं म्हणजे अजून नाही खाजलं."
शेजारची लामारा हसते यावर.
लामारा रंग लावते तशीच, उभ्या उभ्या, सिगारेट ओढत,
आणि तिला काही होत नाही, हेही खरं.

या मंगळवारी भिंग खोक्यावरून सरकलं,
टेबलावरून,
माझ्या हातावर आलं.
बोटांच्या बेचक्यांतल्या चिरा
भिंगाखाली सुकलेल्या ओढ्यांएवढ्या दिसल्या.
नखांच्या मुळाशी तपकिरी.
"किती वर्षं?"
"सव्वीस."
"मोजे?"
"मोज्यातून केस कळत नाही, बाई.
जाड की मऊ, तहानलेला की कसा."

त्या गप्प.
वर्गात उत्तर चुकलं की गप्प व्हायच्या, तशा नव्हे.
मग त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला,
माझे केस बाजूला केले, थंड बोटांनी,
आणि माझ्या कानामागे ठिपका ठेवला.
"गुरुवारी बघू."

सव्वीस वर्षांत मला कुणी रंग लावला नव्हता.
हा रंग म्हणायचा का, ठाऊक नाही.

बुधवारी रात्री, उशीवर कूस बदलताना,
खाजलं.
आधी वाटलं, केस. मग वाटलं, डास, पण मार्च महिना.
मी हात वर नेला आणि परत खाली आणला.
दिवा लावला.
सोडवलेल्या कागदाचं ते खोकं मी घरी आणलं होतं,
का आणलं तेव्हा कळलं नव्हतं.
तिसरी ओळ काढली. मोठ्याने वाचली.
जीभ ठेचकाळली नाही.