वसमत रोडवरून बघितलं तर

झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्याची खोली आहे.
तिथं बसून मी परभणीतली दुकानं
नकाशावर जिथल्या तिथं ठेवते.

ऐकायला सोपं.
पण काशीबाई लोंढेंची गिरणी
नऊ महिने रेल्वेच्या रुळावर उभी होती,
आणि टायरवाला गफार बुधवारी बंद असतो
हे नकाशाला कुणी सांगितलं, देव जाणे.
पत्ता विचारला की लोक म्हणतात, लिंबासमोर.
कोणता लिंब?
तो रस्ता रुंद करताना तोडला तो.
मग आता?
आता काय, त्याच्याच समोर.

बँडवाल्या रंगनाथ सावळेनं
एका रात्रीत भाचे-पुतणे उठवून
बेचाळीस जणांकडून पाच-पाच चांदण्या टाकून घेतल्या.
सकाळी सगळ्या गायब.
"ताई, रात्री तर होत्या!"
चांदण्याच त्या, म्हटलं, सकाळी राहतील कशाला.

हे सगळं निभतं.
खरं अवघड काम दोनच माणसांचं.

उस्ताद मोईन जळालेल्या मोटारी भरतात.
रस्त्यापलीकडं, बरोबर समोर,
मुंजाजी खटिंगही मोटारी भरतो.
तांब्याची तार किती ताणायची,
वेढे ओठातल्या ओठात कसे मोजायचे,
मोजताना कुणी सलाम केला तरी मान का हलवायची नाही,
हे मुंजाजी उस्तादांच्याच हाताखाली शिकला, सात वर्षं.
दोघंही माझ्याकडं. महिना बाराशे.
उस्ताद एक तारखेला देतात,
मुंजाजी उद्या देतो.

दोघांनाही पहिला नंबर पाहिजे.
मी दोघांनाही हो म्हटलं
आणि खोटं बोलले नाही.
पाटीवरचा 'रिवायंडिंग' शब्द नकाशात मागं ढकलला,
कारण बंद पडलेल्या मोटारीपाशी, विहिरीच्या काठावर
चिखलाच्या बोटानं माणूस लिहितो
'मोटर भरनारा', न बाणाचा की नळाचा बघत नाही.
वेळा टाकल्या, जुम्म्याच्या नमाजाची सुट्टी टाकली,
मुंजाजीचा फोटो तीनदा काढला,
तिन्हीत त्याचे डोळे मिटलेले.

मग उस्ताद आपल्या स्टुलावरून शोधायचे
तर उस्ताद पहिले.
मुंजाजी आपल्या ओट्यावरून शोधायचा
तर मुंजाजी पहिला.
जो जवळ तो आधी, एवढाच नकाशाचा धर्म.
चौदा महिने वसमत रोडच्या दोन्ही कडांना
एक-एक पहिला माणूस
पोटभर जेवून दुपारी अर्धा तास पडत होता.

परवा उस्तादांचं वार्निश संपलं.
रस्ता ओलांडून गेले मागायला.
डबा भरेपर्यंत, सहज म्हणून, फोन काढला.

मला फोन आला.
"बेटा, मी दुसरा कधी झालो?"

उस्ताद, तुम्ही उभे कुठं आहात?
"मुंजाकडं."
म्हणूनच.
"म्हणून काय? दहा पावलांत माणूस उतरतो?"
मला उत्तर होतं. आकृती काढून दाखवता आली असती.
तेवढ्यात मागून मुंजाजी:
"उस्ताद, मी तुमच्याकडं जाऊन बघू का?"
आवाज असा, की त्याला नक्की
काय निघावं असं वाटतंय
हे त्यालाही ठाऊक नसावं.

मी स्कूटी काढली.
पोचले तर दोघं रस्त्याच्या मधोमध,
दुभाजकावर, एकाच फोनात डोकी घालून.
उस्तादांच्या हातात वार्निशचा डबा, झाकण उघडं.
दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर बोंबलत चाललेले.
"ताई, इथून बघायलोत. बरोबर मधून."
पडद्यावर गोल फिरत होता.
रेंज एक काडी.
मी काहीच बोलले नाही,
माझे चोवीसशे त्या गोलात फिरत होते.

एक पोरगं मोटारसायकल कडेला घेऊन थांबलं,
मागं पोत्यावर काळीठिक्कर पाच हॉर्सपॉवरची मोटार
सुतळीनं बांधलेली.
"ओ काका, मोटर भरणारा कुठं हाय हितं?"

दोघांनीही मान वर केली नाही.
"थांब जरा," उस्ताद म्हणाले, "बघायलोत."